भिंतभर चुंबळ

वाडीच्या समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर मी रायगड काढावा, असं वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळानं ठरवलं होतं. महाडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली, गड डोळे मिटूनही जमला असता. पण ब्रश उचलला आणि हात गडाकडे वळेना. डोळ्यांपुढे येत राहिली ती डोक्यावर हंड्याखाली ठेवायची, जुन्या लुगड्याची चुंबळ. मी हाताचं ऐकलं आणि भिंतभर चुंबळच रंगवली. मंडळाचा अध्यक्ष प्रवीण गाडीतून उतरला तो थबकलाच. "काकी, ही काय चकली काढलीस? लोक हसतील. उद्या चुना मारून घेतो." मी ब्रश धुवत राहिले. तेवढ्यात त्याची आई प्रयागबाई काठी टेकत आली. भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग तिचा हात आपसूक टाळूवर गेला, हंडे वाहून केस झिजलेल्या जागी. "आमचीच हाय गो ही," म्हणत ती लेकाकडे वळली, "पायताण काढ आधी."