चार रुपयांत वीस

पंचवटीतल्या गणेश मंडळाच्या सोडतीत एकच बक्षीस होतं, हजार रुपयांचं शिलाई मशीन. तिकीट चार रुपये. सोडत पाचला, आणि दुपारपर्यंत अवघी पंचवीस तिकिटं खपलेली. चिठ्ठ्या खपलेल्या तिकिटांच्याच टाकणार होते. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या पगारे सरांनी लगेच हिशेब मांडला. आणखी पंचवीस घेतली तर एकूण पन्नास, म्हणजे एकेका तिकिटाची खरी किंमत वीस रुपये!

"अहो, ती आपल्या वेणूच्या फीची नोट आहे. उद्या शेवटची तारीख," सरांनी कपाटातली शंभराची नोट उचलताच बायकोनं, सिंधुताईंनी, मनगटच धरलं.

"जुगार नाही गं, गणित आहे. फक्त पाचपर्यंत दुसऱ्या कुणी तिकीट घेता कामा नये."

मांडवात शंभराची नोट बघून तिकिटं फाडणारा कार्यकर्ता झुंबर चक्रावला. "सर, पंचवीस? आणि तेही तुम्ही?"

न समजलेला विद्यार्थी समोर दिसला की सरांना राहवत नसे. त्यांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, अगदी पावतीच्या कोऱ्या पाठीवर मांडून. मग तिकिटं मुठीत धरून ते वळले, तोच मागे भोंगा खरखरला.

"ऐका हो ऐका! कॉलेजातल्या पगारे सरांनी हिशेब करून सांगितलंय, चार रुपयांत वीस रुपये! तिकिटं भरपूर शिल्लक आहेत!"