काकांची सीट

"आजी, गाडी भंगारात द्या आणि पैसे घ्या," विमा कंपनीचा माणूस म्हणाला. दारात उभ्या असलेल्या ओम्नीला ट्रकनं मागून ठोकलं होतं.

"पैसे नकोत. गाडी नीट करून द्या," इंदुमती पेडणेकर म्हणाल्या. कंपनी ऐकेना, तेव्हा त्या थेट विमा लोकपालांकडे गेल्या. निकाल त्यांच्या बाजूनं लागला: दुरुस्ती कंपनीनंच करून द्यायची, तीही बाईंच्या पसंतीच्या गॅरेजात. त्यांनी कुडाळच्या बाबुल मेस्त्रीचं नाव सांगितलं.

आंबोलीचा घाट चढताना यजमान गाणं गुणगुणायचे आणि त्या शेजारी बसून संत्र्याच्या फोडी सोलून त्यांच्या हातावर ठेवायच्या. गाडीला ते कुणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावर इंदुमती हट्टानं ड्रायव्हिंग शिकल्या, पण ही गाडी बाहेर काढायचा धीर झाला नव्हता.

आज बाबुलनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "काकी, सीट पुढे ओढून देतो. काकांचे पाय लांब, तुमचे पोचायचे नाहीत."

त्यांनी सीटवर हात ठेवला.

"नको रे, तशीच असू दे. मी पाठीला उशी घेईन."