मिठाच्या पुड्या

समुद्राकाठी दिवसभरासाठी घर भाड्याने घेऊन आम्ही जुनी मित्रमंडळी जमलो होतो. आमच्यात एकटे राहणारे असे दोघंच, शिंपीबुवा आणि शाळेतल्या बाई. एकमेकांविषयी मनातलं काही त्यांच्या ओठांवर येईना.

"समुद्राशेजारी येऊन मीठ विसरलो! तुम्ही दोघं आणा बघू," मी म्हणाले. दुकान वाळूच्या पार टोकाला. मधून लाट जाईल एवढं अंतर ठेवून ते गेले, नि तसेच आले. जेवणाआधी ती पुडी लपवून मी त्यांना पुन्हा पिटाळलं. या खेपेला येताना मधून वारासुद्धा जात नव्हता.

संध्याकाळी माझ्या सबबी संपल्या, म्हणून दोन्ही पुड्या ओट्यावर मांडल्या. त्या पुड्यांकडे बघतच बाई म्हणाल्या, "अगंबाई, मीठ संपलं वाटतं!"

शिंपीबुवा केव्हाच पिशवी घेऊन दारात उभे होते.