आणखी एक सेट

“मोकळेपणाने खेळा. वयाकडे बघू नका, दया दाखवलेली त्यांना खपत नाही,” सेक्रेटरी पालित हिंदीत म्हणाले आणि त्यांनी केयूरला कोर्टावर पाठवलं. नेटपलीकडे क्लबचे अध्यक्ष गुहाबाबू टोपी सारखी करत उभे होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेले. नवा सभासद घ्यायचा की नाही, हे ते त्याच्याशी स्वतः सिंगल्स खेळून ठरवत.

केयूरला हा क्लब हवाच होता. पुण्याहून कोलकात्याच्या बेहाला भागात आल्यापासून ऑफिसबाहेर त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. तो जीव तोडून खेळत होता. बाकावर बसलेल्या आभाला हसू येत होतं. भाजी आणायला खाली न उतरणारा नवरा एवढा पळू शकतो, हे तिला आजच कळलं.

पहिला सेट केयूरने घेतला. गुहाबाबू गुडघ्यांवर हात टेकून वाकले ते बराच वेळ तसेच राहिले. थांबायचं का, असं केयूरने विचारलं. तेवढ्यात पालितच बाकावरून ओरडले, “आणखी एक सेट!”

मग ते शेजारच्या गृहस्थाशी बांगलात बोलू लागले. आभा हाताच्या अंतरावर होती, पण या मराठी बाईला काय कळतंय, असं त्यांना वाटलं असावं. आभा भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता बांगला चांगली शिकली होती.

डॉक्टरांनी सिंगल्स बंद केलंय, पालित सांगत होते. हृदय पार कामातून गेलंय. पण चारचौघांत कबूल करतील तर ते गुहाबाबू कसले. हे गृहस्थ आहेत तोवर ही जागा बिल्डरला देण्याच्या कागदावर सही होणार नाही. आपल्यापैकी कुणी त्यांना असं पळवलं असतं तर उद्या लोकांनी नावं ठेवली असती. हा पोरगा बाहेरचा, त्याला काय माहीत.

आभाने कोर्टाकडे पाहिलं. समोर केयूरने चेंडू हलकेच नेटजवळ टाकला आणि म्हातारा धापा टाकत धावला. केयूर खुशीत होता. तिला त्याची भयंकर कीव आली.

ती उठली. मराठीत ओरडलं तर इथे दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं.

“केयूर, खेळ थांबव. पाय मुरगळला म्हण!”

तो कोर्टाच्या पार त्या टोकाला होता. त्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्याने हसून रॅकेट उंचावली आणि जोरात सर्व्हिस केली.

पालितांनी सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

“बसा वहिनी,” ते स्वच्छ मराठीत म्हणाले. “मी नागपूरला वाढलोय. खेळतायत ते तुमचे यजमान. आम्ही नुसते बघतोय.”