चिखलाचा मान

मैनाबाई ओंजळभर चिखल घेऊन चैतरामसमोर आली अन् तिथंच थबकली.

रोवणा संपला होता. रामपायलीत रीतच आहे, धानाची शेवटची पेंडी रोवून झाली की बाया शेताच्या मालकाला चिखल माखतात. मग मालकानं सगळ्यांना जेवण घालायचं. फक्त मालकाला हं, पाहुण्याला कोणी बोटही लावत नाही. भैयालाल तर डोक्यापासून पायापर्यंत माखून झाला होता. राहिला होता त्याचा मोठा भाऊ, हा चैतराम.

चैतराम कितीतरी वर्षांनी लंडनहून आला होता. तिथं तो राणीच्या देशाचा नागरिक झाला, पासपोर्टही तिथला मिळाला. पण इथला जुना काही त्यानं परत दिला नाही. दोन ठेवणं चालत नाही हे त्याला माहीत होतं. तरी मुंबईला उतरल्यावर त्यानं इथलाच काढून दाखवला. आपल्याच गावी परदेशी होऊन कशाला जायचं? बालाघाटहून बसनं घरी पोचला, अन् पाहतो तर काय, भावाची बायको गोदाबाई पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी. जेवून उठला की ताट हातातून काढून घ्यायची. बसायला नवी सतरंजी. कामाचं तर कोणी नावच काढेना. म्हणून आज पँट दुमडून तो सकाळीच बांधावर येऊन उभा राहिला होता. एकदा चिखल लागला की आपण घरचे, एवढंच त्याच्या डोक्यात.

"काय भैयालाल," मैनाबाईनं विचारलं, "यायले बी लावू का? मालक म्हणू, का पाहुणा?"

बाया हसल्या. एक म्हणाली, विलायती साबणानं आपला चिखल निघते का, ते तरी विचारा आधी. भैयालाल मात्र हसला नाही. चिखलानं माखलेल्या तोंडात त्याचे डोळे तेवढे पांढरे दिसत होते, अन् ते भावाकडे नव्हते. ते शेताच्या या बांधीवरून त्या बांधीवर, एकेका तुकड्यावर फिरत होते.

तेव्हा कुठं चैतरामच्या ध्यानात आलं. जमीन अजून वारलेल्या बापाच्याच नावावर होती. एवढ्या बायांसमोर मालकाचा चिखल लावून घेतला, म्हणजे अर्धं शेत मागितलं. तो आल्यापासून भावाला जेवण का जात नव्हतं, तेही कळलं.

मैनाबाईच्या बोटांमधून चिखल गळत होता.

"नोको लावू बाई," चैतराम म्हणाला. "मी पाहुणाच आहो."

मैनाबाईनं हात झटकला. बाया हातपाय धुवायला पाटाकडे निघाल्या. चैतराम दुमडलेली पँट खाली सोडायला वाकला. तेवढ्यात भैयालाल त्याच्याजवळ येऊन उभा राहिला, अन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी बोलला.

"दादा, आता दिवाळी करूनच जाजो."