अळकुडीची गोळी

पाच. पुन्हा पाचच.

काओ चिन-फाने चष्मा पुसला आणि फोन चहाच्या किटलीला नीट टेकवून ठेवला. ऑनलाइन पोकरचं हे सगळ्यांत स्वस्त टेबल. इथं दोनची बोली असली की लोक दुप्पट करून चार लावत. फिलिपिन्समधले, ब्राझीलमधले, कुठकुठचे, सगळे चारच. 'अळकुडीची गोळी' या नावाने खेळणारं कुणीतरी मात्र कायम पाच लावायचं. काओ तीन आठवडे बघत होता. चार एकदाही नाही.

"वहीत काय खरडतोयस?" लिआवने विचारलं.

लिआव निवृत्त बसचालक. दुपारच्या चहाला रोज यायचा. काओला हा खेळ त्यानेच शिकवला होता. खात्याला 'जुनी होडी' हे नावही त्यानेच दिलेलं, खिडकीतून कीलुंगचं बंदर दिसतं म्हणून. काओने उभ्या जन्मात वल्ह्याला हात लावला नव्हता. त्याचं आयुष्य लिफ्ट बसवण्यात गेलं.

"तूच म्हणालास ना, समोरच्याची खोड लिहून ठेव."

"खोड लिही म्हटलं, जन्मपत्रिका नाही! हे बघ, स्वस्त टेबलावर थापा मारायच्या नाहीत. चार दमड्यांसाठी इथं कुणी पत्ते टाकून डाव सोडत नाही, सगळे शेवटपर्यंत बघत बसतात. चांगले पत्ते आले की लाव, नाहीतर गुपचूप टाकून दे. बास."

"ही टाकते."

"ही कोण?"

"अळकुडी. काल राजांची जोडी मला उघडी करून दाखवली आणि टाकून दिली."

"आणि तुझ्या हातात काय होतं?"

"काहीच नव्हतं."

लिआवला हसताना चहाचा ठसका लागला. "लेका, मग ती येडी आहे. लूट तिला!"

काओ हसला नाही. ही बाईच आहे, एवढंच नव्हे, ती कोण आहे हेही त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याच्या बायकोला चारचा भारी धसका. चार म्हणजे मरण, त्यांच्या भाषेत दोन्हींचा उच्चार जवळपास एकच. ताटलीत चार डंपलिंग आले तर एक परत पातेल्यात जाई. काओला ते कधी वावगं वाटलं नाही. त्याने बसवलेल्या कितीतरी लिफ्टमध्येही तीननंतर थेट पाचचं बटण असे, आणि आता फोनवरही त्याचं बोट आपसूक पाचवरच पडे. पोरगी पेइ-यिंग आईच्या पदराखाली वाढलेली. तिला अळकुडीच्या गोळ्या घातलेलं गोड पाणी फार आवडायचं. तरी शेवटची गोळी ती न चुकता वडिलांच्या वाटीत टाकायची. "बाबा, तुम्ही घ्या." हातातले राजे टाकून देणारी दुसरी कोण असणार?

नऊ वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला ती एक दिवस उशिरा पोचली. चार माणसांदेखत काओ तिला म्हणाला, "आजपासून मला बाबा म्हणू नकोस." तिने ते खरं केलं. फोन नंबरही बदलला. त्या एका वाक्याची त्याला इतकी लाज वाटे, की लिआवलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याने लिआवची शिकवणी उलटी वापरायला घेतली. आपले पत्ते सरस आहेत हे ओळखायचं आणि तिच्यापुढे टाकून द्यायचे. हरण्यासाठी इतका अभ्यास त्या टेबलावर कुणी केला नसेल. वही भरली, दुसरी आणली. कधी कधी दुपारी टेबलावर दोघंच उरत. एकदा तो टाकी, एकदा ती. पैशांच्या चकत्या इकडून तिकडे जात आणि परत येत. जिंकायला कुणीच तयार नसे. तेवढा तास काओला घर रिकामं वाटत नसे.

निरोप लिहायची चौकट तो रोज उघडायचा आणि मिटायचा. आपण कोण ते कळलं आणि ती उठून गेली तर? मग ही एक खुर्चीही जायची.

चिंगमिंगच्या, थडगी झाडायच्या सणाच्या आठवड्यात लिआव आला तो बातमी घेऊनच.

"तुझं ते टेबल उद्या रात्री बंद होतंय. गिऱ्हाईकच नाही म्हणे. तू आणि ती येडी, दोघांसाठी कोण दुकान चालवणार? चल, वरच्या टेबलावर बस आता. बराच सुधारलायस."

"ती येईल तिथं?"

"कोण?" लिआवने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. "काओ, कोण आहे रे ती?"

"माझी पोरगी."

लिआवने कप खाली ठेवला. "मग पत्ते काय खेळत बसलायस, म्हाताऱ्या? बोल तिच्याशी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर दोघंच होती. तिने पाच लावले. काओच्या हातात एक्क्यांची जोडी होती. त्याने ती उघडी करून दाखवली आणि टाकून दिली. मग चौकट उघडली. रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळाली. त्याने दोनच शब्द लिहिले.

"चुकलं माझं."

ती उठली नाही. मग उत्तर आलं.

"बाबा! मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, तुम्हीच आहात."

काओला समोरचं दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले. बायकोच्या फोटोकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "बोलली गं! बाबा म्हणाली." फोटोपुढची उदबत्ती निम्मी जळाली होती. उद्या थडगं झाडायला दोघांनी जायचं, दोन झाडू घ्यायचे, हेही त्याने तेवढ्यात ठरवून टाकलं.

फोन पुन्हा वाजला.

"आता घरी या, बाबा. आई रोज तुमची वाटी मांडून ठेवते, आणि तुमची होडी आम्ही अजून विकलेली नाही."