सालमीच्या पुढचं भांडण

गाडी तिसऱ्यांदा वाळूत रुतली तेव्हा श्यामला खाली उतरली आणि म्हणाली, की आता ती या गाडीत पुन्हा बसणार नाही.

तिचा नवरा शैलेश फावड्याने चाकापुढची वाळू उपसत होता. त्याने मान वर केली नाही. ही सहल त्याचीच. तीन गाड्या, नऊ माणसं, आखातातल्या या देशाच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचे चार दिवस. सालमीच्या रस्त्यावरून डावीकडे उतरायचं आणि तंबू टाकत टाकत वाळवंटातून दक्षिणेला जायचं. पहिल्याच संध्याकाळी वाऱ्याने दोन तंबू आडवे केले. मग कळलं, की शेगडी आली आहे, पण सिलिंडर अबू हलीफाला घरी जिन्याखालीच राहिलाय. तेव्हापासून सगळे पाव आणि डब्यातल्या थंडगार राजम्यावर होते, आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

मुबीन दोर घेऊन उभा होता. तो मूळचा रत्नागिरीचा, अम्गराला त्याचं गाड्यांच्या जुन्या पार्टांचं दुकान. टायरमधली हवा कमी करा, असं आपण कालच सांगितलं होतं, हे तो सकाळपासून चौथ्यांदा सांगत होता. त्याची बायको फरजाना त्याला गप्प करायला गेली, तर तो तिच्यावरच खेकसला. तिसऱ्या गाडीतल्या लोकांनी काचा वर करून घेतल्या.

श्यामलाने मात्र आवाज चढवला. टायरवरून विषय गेला सिलिंडरवर, तिथून फ्लॅटच्या भाड्यावर, तिथून शैलेशच्या आईच्या आजारपणावर. मग अकरा वर्षं निघाली. दोन वर्षांत परत जाऊ म्हणून तो तिला इकडे घेऊन आला होता. जाब्रियाच्या हॉस्पिटलात लॅबच्या पाळ्या करून करून ती थकली होती. शैलेशही फावडं टाकून उभा राहिला. त्याच्याकडेही अकरा वर्षांचं साठलेलं होतंच.

"जूनमध्ये जुईलीची शाळा संपली, की मी तिला घेऊन पुण्याला जातेय," श्यामला म्हणाली. "कायमची. तू राहा इथे वाळू उपसत."

"जा की. जूनपर्यंत कशाला थांबतेस?"

जुईली मागच्या सीटवर कानात इयरफोन घालून बसली होती. तिने ते काढले नाहीत, पण फोनवर फिरणारं तिचं बोट थांबलं.

तेवढ्यात फरजानाला तो माणूस दिसला. वाळूच्या उंचवट्यावर, वीसेक पावलांवर उभा होता. मळकी पायघोळ दिशदाशा, वर फाटका कोट, डोळे सोडून सगळं तोंड फडक्याने गुंडाळलेलं. हातात काठी. लांब खाली बकऱ्या पांगल्या होत्या.

कुणाच्या तरी जागेत आपण घुसलोय असं वाटून मुबीनने अरबीत सलाम केला, गाडी निघाली की आम्ही जातो म्हणाला. माणूस बोलला नाही. शैलेशने हिंदीत विचारून पाहिलं. तरीही नाही. फरजानाने पाण्याची बाटली आणि पाव पुढे केला. तो खाली आला, दोन्ही हातांनी ते घेतलं, बाजूला ठेवलं आणि उकिडवा बसला. एकदा श्यामलाकडे बघे, एकदा शैलेशकडे. श्यामलाला आणखीच वैताग आला. एवढ्या ओसाड जागेत भांडायलासुद्धा एकांत मिळू नये. याला हवंय तरी काय, असं ती फरजानाला हळूच म्हणाली.

माणसाने तोंडावरचं फडकं सोडलं.

"काय नको, ताई."

मग मुबीन त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याच्याकडून एकेक काढून घेऊ लागला. नाव शंकर. चिपळूणच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. एजंटाने बंगल्याची बाग सांभाळायचं काम सांगितलं होतं. विमानतळावरून गाडी थेट इथे आली. चौदा महिने झाले. दोनशे बकऱ्या, आठवड्याला पाण्याचा एक टँकर, आणि सोबतीला एक सुदानी. माणूस चांगला, पण बोलणं सगळं हातवाऱ्यांचं. या उंचवट्यावर कधी कधी फोन लागतो. घरचे फोनवर फार गोड बोलतात. आई जेवलास का विचारते, बायको रडते, आणि लाइन तुटते.

शैलेश म्हणाला, की आत्ताच गाडीत बस, वकिलातीत नेऊन सोडतो. शंकर म्हणाला, बकऱ्या व्यायला आल्यात, आज नाही येववणार. मुबीनने आपला नंबर कागदावर लिहून दिला. पुढच्या टँकरच्या आधी फोन कर, मी स्वतः न्यायला येतो, असं तो त्याला दोनदा म्हणाला. शंकरने कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"आत्ता काही हवंय का, दादा?" श्यामलाने विचारलं. "कपडे, औषध?"

शंकर संकोचला.

"मराठी आवाज आयकला नि धावत आलो," तो म्हणाला. "मी येईस्तोवर तुमी थांबलात. जरा भांडा की अजून."

श्यामलाने ओढणीने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि शैलेशकडे वळून पलीकडच्या बकऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की नऊ माणसांना आठ खुर्च्या कोणत्या शहाण्याने आणल्या.

शैलेशने एकदा शंकरकडे पाहिलं.

"मोजल्या होत्यास तूच," तो तितक्याच जोरात म्हणाला.

शंकरने वाळूवर नीट मांडी घातली.